आधी छेद शोधा: आरोग्य-संशोधनाची बातमी वाचायला शिकणाऱ्या पुणेकरांसाठी

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश घेतलेला विद्यार्थी, आरोग्याचं बीट पहिल्यांदाच हातात आलेला वार्ताहर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ताई, हे खरं आहे का हो?' असं ज्यांना हमखास विचारलं जातं त्या ताई, या तिघांची अडचण एकच असते. समोर बातमी असते, 'विद्यापीठाच्या संशोधनात उघड' असा मथळा असतो, आत एखादी ठसठशीत टक्केवारी असते. यावर विश्वास ठेवायचा की नाही, आणि ठेवायचा तर किती, हे कुणी शिकवलेलं नसतं.

पुण्यात ही अडचण जरा जास्तच, कारण इथे आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थांची रेलचेल आहे. हा लेख त्या तिघांसाठी. दहावीपर्यंतचं गणित, एक मोबाइल आणि अर्धा-पाऊण तास एवढ्यावर काम भागतं. वैद्यकीय पदवी लागत नाही. लागतो तो थोडा पुणेरी खवचटपणा, आणि तो इथे आयता मिळतो.

पायरी १ : बातमी नेमकी कुणाकडून आली ते बघा

'पुण्यातील संस्थेच्या अभ्यासानुसार' एवढंच लिहिलं असेल तर आधी संस्था ओळखा. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, तिथला आरोग्यशास्त्राचा विभाग सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण देतो आणि संशोधनही करतो. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे आपली एनआयव्ही. ती १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. भोसरीत १९९२ पासून एड्स संशोधन संस्था आहे. सगळे तिला अजून 'नारी' म्हणतात, कागदोपत्री नाव मात्र आता बदललंय. ससूनला जोडून बी. जे. मेडिकल, वानवडीला लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी, पाषाणला विज्ञानसंस्था आयसर. आणि रास्ता पेठेत केईएम रुग्णालय.

नवखे लोक हमखास अडखळतात ते इथेच. केईएम दोन आहेत. मुंबईतलं परळचं केईएम महापालिकेचं, पुण्याचं केईएम ट्रस्टचं. दोन्हीकडे संशोधन चालतं आणि बातमीत नुसतं 'केईएमच्या डॉक्टरांनी' असं येतं. पुण्याच्या केईएमचं संशोधन केंद्र शिरूर तालुक्यात वढूला ग्रामीण कामही करतं. तिथे २००२ पासून बावीस गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद ठेवली जाते. त्यामुळे 'पुण्यातील अभ्यास' याचा अर्थ कोथरूड-औंधचे लोक असा असेलच असं नाही. भीमेकाठची गावंही असू शकतात. कधीकधी तर संशोधक पुण्याचे आणि माहिती सगळ्या देशाची असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा घेऊन इथल्या टेबलावर बसून केलेले कितीतरी पेपर, म्हणजे शोधनिबंध, असतात. त्यात वाईट काही नाही, पण 'पुण्यात अमुक टक्के' असं त्यातून निघत नाही.

संस्था कळली की बघायचं, बातमी कशावर बेतली आहे: प्रसिद्ध झालेल्या पेपरवर, प्रीप्रिंटवर, परिषदेतल्या भाषणावर की नुसत्या प्रसिद्धिपत्रकावर? प्रीप्रिंट म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच सर्वांसाठी खुला केलेला मसुदा. परिषदेतलं भाषण त्याहूनही कच्चं.

प्रसिद्धिपत्रकाबद्दल एक सांगतो. अतिशयोक्ती दिसली की आपण पटकन पत्रकाराला नावं ठेवतो. पण २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ पेपरशी ताडून पाहिली होती. त्यातल्या ४० टक्के पत्रकांत लोकांना दिलेला सल्ला पेपरपेक्षा चार पावलं पुढे गेलेला निघाला. ३३ टक्क्यांत नुसत्या संबंधाला 'यामुळे हे होतं' असं रूप दिलेलं होतं. ३६ टक्क्यांत उंदरा-घुशींवरचा निष्कर्ष माणसांना चिकटवलेला होता. म्हणजे फुगा बऱ्याचदा विद्यापीठातूनच फुगून येतो आणि वार्ताहर फक्त दोरी धरतो. तेव्हा पत्रकात 'देशात प्रथमच', 'क्रांतिकारी' असे शब्द दिसले की त्यांच्यावर मनातल्या मनात काट मारा आणि उरलेलं वाचा.

पायरी २ : मूळ पेपर मिळवा

बातमीत जर्नलचं नाव, एखाद्या संशोधकाचं आडनाव आणि विषय, या तिन्हीपैकी दोन गोष्टी असल्या तरी पुरे. पबमेडवर (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची) किंवा गूगल स्कॉलरवर त्या टाका. पबमेडवर पेपरचा गोषवारा फुकट दिसतो. पूर्ण पेपर पुष्कळदा पबमेड सेंट्रलवर मोफत असतो, नसला तर पैसे भरायला सांगणारी खिडकी येते. भरू नका. सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकत असाल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून सुमारे तेरा हजार जर्नलं खुली झाली आहेत. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात विचारा, लॉग-इनचं काय ते तिथे कळतं. विद्यार्थी नसाल तर पेपरवर पत्रव्यवहारासाठी ज्या लेखकाचा ई-मेल दिलेला असतो त्याला दोन ओळी लिहा. आपला पेपर कुणाला तरी वाचायचाय याचा संशोधकांना भारी आनंद होतो. पीडीएफ बहुतेकदा येते.

पेपर उघडला की नवखा माणूस पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या परिच्छेदाला दमतो. तसं करू नका. गोषवारा वाचा, मग प्रस्तावना सरळ ओलांडून 'पद्धत' या भागावर जा. त्यानंतर तक्ते बघा, आणि चर्चेच्या भागात अभ्यासाच्या मर्यादा सांगणारा परिच्छेद शोधा. तो बहुधा शेवटाकडे दडलेला असतो. संशोधक सगळ्यात प्रामाणिक तिथेच असतात, आणि बातमीत नेमका तोच गाळलेला असतो.

पायरी ३ : कोण, किती, कुठे, कधी

या पायरीवर घाई करू नका. बाकीच्या पायऱ्या विसरलात तरी चालेल.

उदाहरण आपल्याच शहराचं घेऊ. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये, कोरोनाची पहिली लाट चढत असताना, पुणे विद्यापीठ आणि आयसर यांनी महापालिका व इतर संस्थांसोबत एक सिरो-सर्व्हे केला. लोकांचं रक्त तपासून त्यात कोरोना विषाणूविरुद्धच्या ॲंटीबॉडी आहेत का ते पाहिलं. निकाल आला: ५१.५ टक्के. त्यावरून 'निम्म्या पुण्याला कोरोना होऊन गेला' असा अर्थ सर्रास लावला गेला. चहाच्या टपरीवर लोक मास्क हनुवटीवर घेऊन हे एकमेकांना सांगत होते.

आता पद्धत वाचू. नमुने होते १,६६४. घेतले २० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात. आणि घेतले पाच प्रभागांतून: येरवडा, कसबा पेठ-सोमवार पेठ, रास्ता पेठ-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती. तेव्हा शहरात ४१ प्रभाग होते. हे पाच चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, रुग्ण जास्त सापडत होते म्हणून निवडले होते. म्हणजे ५१.५ टक्क्यांच्या खाली जो छेद आहे (अपूर्णांकातला खालचा आकडा, म्हणजे ज्यांच्यापैकी मोजलं ते सगळे) तो 'पुणेकर' नाही. तो आहे 'जास्त लागण असलेल्या पाच प्रभागांतले रहिवासी'. बाणेर, वारजे, कोंढवा, हडपसर त्या छेदात नाहीतच. संशोधकांनी हे लपवलं नव्हतं. अहवालात ते स्पष्ट होतं. मथळ्यात मावलं नाही, इतकंच.

पाच प्रभागांची सरासरीही फार काही सांगत नाही, हे तक्ता उघडला की दिसतं. लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के, कसबा-सोमवार पेठेत ३६.१ टक्के. दोन्हींमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर, आकड्यात जवळजवळ दुपटीचा फरक. पुढच्या ओळींत घराच्या प्रकारानुसार फोड आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांत सुमारे ३३ टक्के, दाटीच्या वस्त्या आणि चाळींत त्याहून कितीतरी जास्त. स्वतंत्र संडास असलेल्यांत ४५.३ टक्के, सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२.३. माझ्या मते या सर्व्हेतली खरी बातमी ही होती. निम्मं शहर की पाव शहर यावर वाद घालण्यापेक्षा, दहा घरांत एक संडास असलेल्या वस्तीत 'घरातच थांबा' या सल्ल्याला काय अर्थ उरतो हे त्या एका ओळीत होतं. ती ओळ कुणी मोठी केली नाही.

अर्थात इथेही जपून. संडास सामायिक असल्यानेच लागण झाली असं हा सर्व्हे सिद्ध करत नाही. जिथे संडास सामायिक असतो तिथे खोलीही एकच असते, माणसं जास्त असतात आणि घरून काम करण्याची चैन नसते. हे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. शिवाय ॲंटीबॉडी सापडणं म्हणजे विषाणूशी गाठ पडून गेली, एवढंच. पुन्हा होणार नाही याची ती हमी नव्हती.

तेव्हा कुठलीही बातमी आली की वहीत चार शब्द लिहा आणि पुढे उत्तरं भरा. कोण तपासले गेले (वय, बाई-पुरुष, निरोगी की रुग्णालयात आलेले)? किती? कुठे? कधी? रुग्णालयात आलेल्यांवरचा अभ्यास असेल तर जास्तच सावध राहा. ससूनच्या ओपीडीत बसलेली माणसं हे शहराचं सरासरी चित्र नव्हे, ती मुळात आजारी म्हणूनच तिथे आलेली असतात.

पायरी ४ : नुसतं पाहिलं की करून पाहिलं?

अभ्यास ढोबळमानाने दोन जातीचे. एकात संशोधक लोकांना त्यांच्या जगण्यात पाहतात आणि नोंदी ठेवतात. दुसऱ्यात ते स्वतः काहीतरी देतात किंवा बदलतात आणि फरक मोजतात. पहिला निरीक्षणाचा अभ्यास, दुसरी चाचणी, म्हणजे ट्रायल. चाचणीत कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं असेल तर तिचा शब्द सगळ्यात वजनदार.

हे समजायला पुण्याच्या परिसरातलंच उत्तम उदाहरण आहे. १९९३ मध्ये केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला. गावातल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद गरोदर राहण्याआधीपासून ठेवली, त्या काय खातात, किती राबतात ते लिहून घेतलं, मग बाळांची मापं घेतली आणि पुढची कित्येक वर्षं त्या मुलांचा माग ठेवला. अशा पाठपुराव्याच्या अभ्यासाला कोहॉर्ट म्हणतात. कंटाळवाणं, चिवट काम असतं ते. फील्डवर जाणाऱ्या ताई-दादांशिवाय होत नाही.

त्यातून २००१ साली एक निष्कर्ष छापून आला: ज्या माता गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात होत्या त्यांची बाळं आकाराने मोठी होती. यावर मथळा करायला वेळ लागत नाही: 'पालेभाजी खा, बाळाचं वजन वाढवा'. पण हे निरीक्षण होतं. ज्या घरात सुनेच्या ताटात रोज भाजी आणि दूध येतं, त्या घरात बाकीही बरंच काही बरं असू शकतं: पैसा, विश्रांती, सासूचा स्वभाव. यातलं काही आकडेमोडीत वजा करता येतं, सगळं नाही.

म्हणून पुढची पायरी चाचणीची. ती मुंबईतल्या वस्त्यांमध्ये झाली. साडेसहा हजार महिलांना दोन गटांत विभागलं. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ, दुसऱ्याला बटाटा-कांदा अशा कमी पोषक भाज्यांचा. खाऊ गरोदर राहण्याआधीपासून सुरू. निकाल २०१४ मध्ये आला. सगळ्या बाळांचा हिशेब धरला तर पहिल्या गटातलं वजन सरासरी २६ ग्रॅमने जास्त होतं, पण त्यापुढच्या कंसात लिहिलेलं होतं: उणे १५ ते ६८.

हा कंस वाचायला शिका, तो पेपरच्या तक्त्यांत जागोजागी दिसेल. त्याला विश्वासाचा पल्ला म्हणू. खरा फरक १५ ग्रॅमने *कमी* इथपासून ६८ ग्रॅमने जास्त इथपर्यंत कुठेही असू शकतो, असं तो सांगतो. शून्य त्या पल्ल्याच्या आत आहे, म्हणजे फरक मुळीच नसण्याचीही शक्यता उरते. ज्या मातांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांत फरक ४८ ग्रॅमचा, पल्ला १ ते ९६. शून्य निसटतं बाहेर. एवढ्यावर 'सिद्ध झालं' म्हणून ढोल वाजवू नयेत, 'हाती काहीच लागलं नाही' असंही नाही. सुरुवात गरोदरपणाच्या आधी करावी लागत असेल, ही त्यातली कामाची शंका.

गावात दिसलेलं चित्र चाचणीत असं फिकट झालं म्हणून मूळ अभ्यास चुकीचा ठरत नाही. त्याने प्रश्न नेमका विचारला, उत्तर शोधायचं काम दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासाचं होतं. बातमी वाचताना आपण या दोघांपैकी कुठे उभे आहोत एवढं ओळखलं की झालं. 'संबंध आढळला', 'जोखीम जास्त दिसली' अशी भाषा पेपरात असेल आणि बातमीत 'यामुळे होतो', 'यामुळे टळतो' असं असेल, तर मध्ये कुणीतरी उडी मारली आहे.

पायरी ५ : टक्के पाहून दचकू नका

त्याच मुंबईच्या चाचणीत आणखी एक गोष्ट पाहिली गेली: गरोदरपणातला मधुमेह. तपासणी झालेल्या सुमारे एक हजार महिलांत, पोषक खाऊच्या गटात तो ७.३ टक्के निघाला, दुसऱ्या गटात १२.४. हीच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. 'मधुमेह ४० टक्क्यांनी घटला.' किंवा 'शंभर जणींत बाराऐवजी सात जणींना झाला.' दोन्ही खरं. पहिलं वाक्य मथळ्यात जातं, दुसरं कुणाला तरी समजतं. नियम साधा: 'इतक्या टक्क्यांनी वाढला-घटला' दिसलं की विचारा, किती होता आणि किती झाला? हे दोन आकडे नसतील तर बातमी अर्धीच आहे.

आता उलटं उदाहरण, जिथे नुसता आकडा घाबरवतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण आढळू लागले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार. पुढे पुणे आणि परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेपलीकडे गेला.

दोनशे म्हणजे खूप की थोडे? इथे छेद लागतो. एरवीही हा आजार जगभर वर्षाला लाखात एक-दोघांना होतच असतो. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांहून अधिक होती. म्हणजे काही साथ नसतानाही जिल्ह्यात वर्षभरात शंभर ते दोनशे रुग्ण अपेक्षितच आहेत. मग गडबड कशासाठी? कारण ते वर्षभर जिल्हाभर पांगलेले नव्हते. काही आठवड्यांत, काही मोजक्या वस्त्यांत गोळा झाले होते. समजा एखाद्या भागात लाखभर वस्ती आहे, तिथे वर्षात एक-दोन रुग्ण दिसायला हवेत. महिन्यात तिथे दहा दिसले, तर आरोग्य यंत्रणेने धावायलाच हवं. संख्या तीच, पण ठिकाण आणि काळ बदलला की अर्थ बदलतो. तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो, आणि जीबीएसच्या आधी होणाऱ्या संसर्गांत त्याचं नाव जगभर घेतलं जातं. त्या वेळी ग्रुपवर चिकन बंद करावं का यावर फार खल झाला. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये आणि उकळलेल्या पाण्यात हा जंतू टिकत नाही, एवढं सांगून ती चर्चा मिटायला हवी होती.

पायरी ६ : पैसा, नोंदणी आणि मागे घेतलेले पेपर

ही पायरी पाच मिनिटांची. पेपरच्या शेवटी निधी कुणी दिला आणि लेखकांचे हितसंबंध काय, हे लिहिलेलं असतं. ते वाचा. कंपनीचा पैसा आहे म्हणून पेपर खोटा ठरत नाही, पण मग पद्धतीचा भाग दुसऱ्यांदा वाचायचा.

भारतात माणसांवर चाचणी करायची तर ती सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ती जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. पेपरात नोंदणी क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर टाकला की चाचणी सुरू होण्याआधी संशोधक काय मोजणार होते ते दिसतं. आधी 'वजन मोजू' म्हटलं आणि निकालात फक्त भूक वाढल्याचं सांगितलं, तर वजनाचं काय झालं हा प्रश्न विचारा.

आणि पबमेडवर पेपरच्या डोक्यावर 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का आहे का ते बघा. मोठ्या जर्नलचं नाव पाहून हुरळून जाऊ नका. कोरोनावर वापरून पाहिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाबद्दलचा ९६ हजार रुग्णांवरचा म्हणून गाजलेला पेपर लॅन्सेटमध्ये २२ मे २०२० ला आला आणि मूळ डेटा तपासायलाच मिळेना म्हणून ४ जूनला मागे घेतला गेला. त्या दोन आठवड्यांत या औषधाच्या काही चाचण्या थांबल्या होत्या. मागे घेतल्याची बातमी पहिल्या बातमीइतकी कधीच फिरत नाही, ती आपल्यालाच शोधावी लागते.

पायरी ७ : हे आपल्याला लागू आहे का?

परदेशातल्या विद्यापीठाचं संशोधन असेल तर हा प्रश्न अटळ. याचं सगळ्यात बोलकं उत्तर एका फोटोत आहे. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३, म्हणजे तक्त्यानुसार दोघेही एकदम 'नॉर्मल'. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात २१.२. हे जन्मापासूनच असतं का, याचीही तपासणी झाली होती. पुण्याजवळच्या गावांतली ६३१ बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३३८ बाळं यांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. दिसायला रोडकी, आतून चरबी राखलेली. आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरावं अशी शिफारस आहे, त्यामागे अशीच कारणं आहेत.

तेव्हा 'अमुक बीएमआयपर्यंत धोका नाही' अशी अमेरिकेतली बातमी वाचून निर्धास्त होऊ नका. उलट जंतू मारायला पाणी उकळावं लागतं, हे मात्र अमेरिकेतही खरं आणि आंबेगावातही. काय लागू होतं आणि काय नाही, हे ज्या-त्या विषयावर ठरतं.

पायरी ८ : पुढे पाठवण्याआधी

आता प्रत्यक्ष काम. समजा ग्रुपवर असा मेसेज आला:

*"संशोधनात सिद्ध!! गरोदरपणात रोज पालेभाजी खाल्ल्याने बाळाचं वजन वाढतं. विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा शोध. सगळ्या ग्रुपवर पाठवा."*

कोण, किती, कुठे, कधी, काहीच नाही. 'सिद्ध' आहे, 'सगळ्या ग्रुपवर' आहे, आणि कुठला पेपर हे नाही. वरच्या पायऱ्या चढून हाच मेसेज लिहिला तर असा होईल:

*"मुंबईतल्या वस्त्यांत साडेसहा हजार महिलांवर झालेली चाचणी, निकाल २०१४. रोज पालेभाजी-फळं-दूध असलेला खाऊ दिला. सगळ्यांचा हिशेब धरता बाळाच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. दिवस राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ खाल्लेल्यांत सरासरी ४८ ग्रॅम जास्त. तपासलेल्यांत गरोदरपणातला मधुमेह शंभरात बाराऐवजी सात जणींना. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या याने बंद करू नयेत."*

लांब झाला, मान्य. उद्गारचिन्हं गेली, त्यामुळे कमी लोक पुढे पाठवतील. पण जे पाठवतील त्यांना कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देता येईल. वार्ताहर असाल तर यातलं पहिलं वाक्य तुमच्या बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात कुठल्याही परिस्थितीत असू द्या. संपादक जागा नाही म्हणतील, तेव्हा विशेषणं काढा आणि आकडे ठेवा. विद्यार्थी असाल तर दर आठवड्याला एका बातमीचा असा पाच ओळींचा मेसेज करायची सवय लावा, जर्नल क्लबमध्ये, म्हणजे पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीत, बोलायची भीती त्याने जाते.

बातमी साथीची असेल आणि तुमच्याच भागातली असेल, तर पेपर शोधत बसू नका, तो यायला महिने लागतात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य विभागाला किंवा गावात प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा: किती घरांत, कधीपासून, काय लक्षणं, पाणी कुठून येतं. हेही कोण-किती-कुठे-कधीच आहे. एनआयव्हीच्या दारात स्वतः बाटलीत पाणी घेऊन जाऊ नका. नमुने तिथे रुग्णालयांमार्फत आणि आरोग्य खात्यामार्फत जातात.

आणि तुमचा तो लांबलचक मेसेज टाकल्यावर कुणीतरी विचारणारच, 'मग पालेभाजी खायची की नाही?' खायची. लोह, फोलेट मिळावं म्हणून, आणि रक्त कमी असण्याचं प्रमाण आपल्याकडच्या बायकांत फार आहे म्हणून. वजनाच्या ४८ ग्रॅमसाठी नव्हे. आणि विचारणारीला दिवस गेले असतील तर ग्रुपवर न थांबता तिला आशाताईंकडे किंवा डॉक्टरांकडे नाव नोंदवायला पाठवा.